बोरॉन, नायट्रोजन स्वतः चुंबकीय नाहीत, मग त्यांनी चुंबक सुधारतो कसा?

तुमचा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे, कारण बडोद्यात ट्रान्सफॉर्मरच्या कोअरच्या (आतल्या लोखंडी गाभ्याच्या) कामातच मी सारी नोकरी केली.

हे हलके अणू लोखंडाच्या अणूंची मांडणी आणि त्यांच्यातलं अंतर बदलतात, सारी करामत तिथे आहे. समारियम आणि लोखंडाचं २:१७ प्रमाणातलं संयुग घ्या. त्याचं चुंबकत्व साधारण ११६ अंश सेल्सियसलाच संपतं. १९९० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात मायकल कोई आणि होंग सुन या संशोधकांनी त्याची पूड नायट्रोजनयुक्त वायूत तापवली. नायट्रोजन स्फटिकातल्या अणूंच्या जाळीतल्या मोकळ्या जागांत शिरला आणि जाळी सुमारे ६ टक्के फुगली. लोखंडाचे जे अणू फार दाटीत होते (इतके जवळ आले की ते एकमेकांच्या उलट दिशेला वळू पाहतात) त्यांच्यात अंतर पडलं. क्युरी तापमान, म्हणजे ज्याला चुंबकत्व संपतं ते तापमान, ४७० अंशांच्या पुढे गेलं! शिवाय समारियमच्या शेजारी बसलेल्या नायट्रोजनमुळे चुंबकत्व एकाच अक्षाला घट्ट धरून राहू लागलं. कायम चुंबकाला नेमकं हेच हवं असतं. अडचण एकच: सुमारे ६०० अंशांवर हे संयुग फुटतं, म्हणून भट्टीत सिंटर न करता (म्हणजे तापवून कण एकमेकांना न चिकटवता) पूड रेझिनमध्ये बांधावी लागते.

निओडायमियम चुंबकात बोरॉन वजनाने जेमतेम १ टक्का असतो. पण त्याच्यामुळे वेगळीच स्फटिकरचना तयार होते. १९८०च्या दशकात जपानमध्ये सागावा आणि अमेरिकेत क्रोट या संशोधकांनी ती स्वतंत्रपणे गाठली. बोरॉन नसता तर जे संयुग बनतं, त्याचं चुंबकत्व ६० अंशांच्या आसपासच संपतं.

आता आमच्या मकरपुऱ्याकडची, म्हणजे बडोद्याच्या ट्रान्सफॉर्मरवाल्यांची बाजू. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरसाठी वापरतात त्या सीआरजीओ नावाच्या पोलादी पत्र्यात ३ टक्के सिलिकॉन मुद्दाम घालतात, पण कार्बन ०.००३ टक्क्यांच्याही खाली आणतात. राहिलेला कार्बन पुढे कार्बाइडचे कण होऊन साचतो, पत्र्यातल्या एकाच दिशेने चुंबकलेल्या छोट्या भागांच्या (डोमेनच्या) सीमा सरकताना अडवतो, आणि वर्षागणिक लॉस, म्हणजे वाया जाणारी वीज, वाढत जातो. म्हणून हलकं मूलद्रव्य चांगलं की वाईट, हे चुंबक कशासाठी हवा आहे त्यावर ठरतं.

बोरॉनच पाहा ना. लोखंड-सिलिकॉन-बोरॉनचा वितळलेला रस झपाट्याने गार केला, तर बोरॉन त्याला स्फटिक होऊ देत नाही. अशा अमॉर्फस (स्फटिक नसलेल्या) पट्टीच्या कोअरमध्ये नो-लोड लॉस, म्हणजे भार नसतानाही वाया जाणारी वीज, सीआरजीओपेक्षा खूपच कमी. निओडायमियम चुंबकाला हट्टी करणारा बोरॉन इथे पट्टीला चुंबकीयदृष्ट्या इतकं मऊ करतो की तिचं चुंबकत्व सेकंदाला शंभरदा विनासायास उलटतं.