अलाइनमेंट: संरेखन, ओळंबा की सूत?

एका वाचकाने विचारलंय: आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी मिळालेल्या माहितीपत्रकात 'संगणक-साहाय्यित रोपण-संरेखनाची अचूकता' असं छापलंय. आईला हे कसं सांगू? 'ओळंबा' चालेल का?

'संरेखन' चूक नाही, पण ते परिभाषाकोशाबाहेर फारसं पडलेलं नाही. आणि 'रोपण' म्हणजे इथे बसवायचा कृत्रिम सांधा, पण तो शब्द ऐकून आईंना भाताचं खाचर आठवायचं! ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी सोडतो ती वजन बांधलेली दोरी, मात्र जवळ जाऊन चुकतो. तो लोंबायला माणूस उभा हवा, टेबलावर तर आडवा असतो. शिवाय उभं राहिलं तरी खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेषा ओळंब्याला साधारण ३ अंश तिरकी असते.

मी 'सूत' म्हणेन. गवंडी दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणतो आणि वीट सुतात आली का बघतो. इथे एक खुंटी खुब्याच्या गोळ्याचा मध्य, दुसरी घोट्याचा. ताणलेलं सूत गुडघ्याच्या मधोमध जायला हवं. पंचाईत ही की खुब्याचा मध्य मांसाआड. जुन्या रीतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई सारून त्यावरून हिशेब मांडतात. संगणक असला की हाडांना खुणेचे गोळे लावतात, सर्जन पाय गोल फिरवतो, इन्फ्रारेड कॅमेरा गोळ्यांची फिरत टिपतो आणि तिच्यावरून मध्य निघतो. फ्रान्समधल्या ग्रनोबलला १९९७ साली असं पहिलं ऑपरेशन झालं.

अचूकतेलाही सूतच कामाला येतं. सुताराच्या मापात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नडगीचं हाड ३६ सेंमी धरा. गुडघ्यापाशी १ अंश चुकला की घोट्यापाशी सहा मिलिमीटरच्या वर, म्हणजे जवळपास दोन सूत फरक! डॉक्टर सहसा इकडे-तिकडे ३ अंशांची मुभा धरतात. संगणकाचा खरा उपयोग त्याबाहेर जाणारे पाय कमी करण्यात.

अलीकडे काही सर्जन म्हणतात, प्रत्येक पाय सुतासारखा सरळ कशाला? मुळातच जरा फेंगडा असलेला तसाच ठेवावा. तेव्हा 'सरळ बसवणे' म्हणू नका, 'सुतात बसवणे' म्हणा. सूत कुठून ताणायचं ते सर्जन ठरवेल.

'वाटी बदलणे' हा रूढ शब्दही फसवा आहे. मुख्यतः बदलतात ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं. पण तो आईंच्या तोंडी असेल तर राहू द्या. त्यांना एवढंच सांगा: "नवा सांधा सुतात बसावा म्हणून डॉक्टर कॉम्प्युटरवर बघत बघत बसवणार आहेत."