दशमांश धास्तीने देत असलो तर?

प्रश्न : दशमांश (देवाच्या कामासाठी द्यायचा मिळकतीचा दहावा हिस्सा) चुकवला तर शाप लागतो, दिला तर दुपटीने परत मिळतं, असं ऐकत आलो. दरमहा देतो, पण धास्तीने. एखादा महिना राहिला की बायबलमधलं मलाखी ३:९, दशमांश न देणाऱ्यांवरच्या शापाचं वचन, डोक्यात घोळत राहतं. मन आनंदाने तयार होईपर्यंत देणं थांबवावं का?

उत्तर : थांबवू नका; धास्ती कुठून येते ते मात्र शोधा. 'मी देईन, मग देव प्रसन्न होईल' हा क्रमच उलटा आहे. निर्गम २०:२ पाहा. 'मी तुला मिसर देशातून बाहेर आणले' हे आधी, दहा आज्ञा नंतर. सुटका झालेल्यांना त्या मिळाल्या. सुटकेची किंमत म्हणून नव्हे. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतही (प्रॉटेस्टंट शिकवणीचं पुस्तक) आज्ञांचं विवेचन कृतज्ञतेच्या भागात येतं.

आता पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले ८ आणि ९ हे अध्याय (२ करिंथ ८, ९) सलग वाचा. यरुशलेमातल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी चालू होती. करिंथकरांनी वर्षभरापूर्वी सुरुवात केली, पण काम तडीस नेलं नव्हतं. पौल प्रेषित होता, त्याला हुकूम सोडता आला असता. तरी 'आज्ञा म्हणून सांगत नाही' असं म्हणून (८:८) पुढच्याच वचनात तो ख्रिस्ताकडे वळतो, जो धनवान असून आपल्याकरिता दरिद्री झाला. दोन्ही अध्यायांत शापाची धमकी नाही, दहा टक्केही नाहीत. मलाखी संदेष्टा नियमशास्त्राखालच्या, म्हणजे मोशेद्वारे मिळालेल्या आज्ञांखालच्या, इस्राएलाशी बोलत होता. नियमशास्त्राच्या शापातून ख्रिस्ताने आपल्याला सोडवलं आहे (गलती ३:१३).

सढळ पेरणाऱ्याला सढळ पीक मिळतं, हे वचनही तिथेच आहे (९:६) आणि ते खरं आहे. पण ९:११ पर्यंत जा : मिळतं ते पुन्हा उदारपणे देता यावं म्हणून. परताव्यासाठी दिलं आणि परतावा आला नाही, की लूक १५ मधल्या थोरल्या मुलासारखी कुरकुर सुरू होते : इतकी वर्षं चाकरी केली, मला काय मिळालं?

रक्कम घरी, प्रार्थना करून, आधीच ठरवा. ९:७ मध्ये 'मनात ठरवल्याप्रमाणे' म्हटलं आहे. सभेत आवाहन ऐकून ऐनवेळी ठरवलं की बहुधा भीड बोलते. १ करिंथ १६:२ प्रमाणे आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने पैसे बाजूला काढा. पगार महिन्याचा असेल तर पगाराच्या दिवशी. काढण्याआधी २ करिंथ ८:९ मोठ्याने वाचा आणि उपकार माना. आनंद पुष्कळदा या उपकारस्तुतीमागून येतो, त्याची वाट पाहत बसू नका. एखादा महिना ओढाताणीचा असेल तर कमी द्या. उसने काढून देऊ नका. जे जवळ आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं (८:१२).