उन्हं कलल्यावर दिसणारा तो आकडा: गाडी रंगाला नेण्याआधी एवढं वाचा

"उन्हं कलली की बेज रंगाखालून एक आकडा पुसटसा दिसतो," असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तुमचे प्रश्न वेगळेच आहेत. प्रायमर कुठला लावू, आतलं लाकूडकाम सगळं फेकून देऊ का, आणि टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) अजून एका बंद पडलेल्या रेसिंग कंपनीच्या नावावर आहे पण विकणारा म्हणतो काही अडचण येत नाही, ते खरं का. १९७५ ची २६ फुटी जीएमसी मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, ओहायोतल्या शेतावरच्या शेडमधून काढलेली, पुढच्या आठवड्यात रंगाला जाणार.

माझीही २६ फुटीच. १९७६ ची. तीही शेडमधलीच आणि तीही एका छोट्या रेसिंग टीमची. तुमची पोस्ट वाचताना सात वर्षांपूर्वीचा मीच समोर उभा राहिलो. म्हणून कळकळीने सांगतो, रंगाची तारीख पुढे ढकला. पेंटरला दिलेला ॲडव्हान्स बुडाला तरी चालेल.

इंजिन-गिअरबॉक्समध्ये मी शिरत नाही. ओल्ड्समोबिल टोरोनाडो कारचं ४५५ इंजिन, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, मागे चार चाकांना स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या म्हणजे एअरबॅग, हे सगळं बघूनच तुम्ही गाडी घेतली असणार. आणि १९७३ ते १९७८ मध्ये मिळून जेमतेम १३,००० गाड्या बनल्या असल्या, तरी त्यांच्यावर जीव लावणारी माणसं इतकी आहेत की मेकॅनिकल प्रश्नाला तासाभरात चार उत्तरं मिळतात. मी ज्या गोष्टीबद्दल लिहितोय त्याबद्दल मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

गाडी मी ऑक्टोबरात आणली आणि हिवाळा संपताच रंग काढायला घेतला. कागदपत्रं शेवटी बघू, आधी गाडी गाडीसारखी दिसू दे, असा विचार. ड्रायव्हरच्या बाजूला खिडक्यांच्या खालच्या पट्ट्यावर सँडर चालवत होतो, ८० नंबरचा जाड सँडपेपर लावून. बेज गेला, खाली पांढरा लागला, पांढऱ्याखाली गडद निळा. निळ्यात सोनेरी रेघ दिसली, अंगठ्याएवढ्या रुंदीची, वळणदार. ती रेघ एका अक्षराची कड होती. मला ते दिसलं होतं. "खाली अजून किती थर आहेत देव जाणे" म्हणून मी हात तसाच पुढे नेला. संध्याकाळपर्यंत ती बाजू चकचकीत उघडी झाली होती, आणि जमिनीवर निळसर भुकटी.

याचं दुःख मला जास्त का, ते सांगतो. माझं बालपण कऱ्हाडात गेलं. घरासमोर ट्रकच्या बॉड्या रंगवणारे पेंटर बसायचे. सुताची दोरी खडूत बुडवून पत्र्यावर टणकन् रेघ मारायची, मग ब्रश एका दमात ओढायचा, पुन्हा गिरवायचं नाही. शाळेतून येऊन मी तासन् तास ते बघत बसायचो. हाताने काढलेलं अक्षर आणि स्टिकर यातला फरक मला कुणी शिकवायला नको होता. त्या सोनेरी रेघेचं एक टोक किंचित जाड होतं, ब्रश उचलताना होतं तसं. पन्नासेक वर्षांपूर्वी कुणीतरी ती गाडीशेजारी उभं राहून ओढली होती. मी एक फोटोसुद्धा काढला नाही.

दुसरी चूक आतली. मागच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलने आणि ग्रीस-पेन्सिलने भरपूर लिहिलेलं होतं. टायरचं प्रेशर, चाकाचं नाव, तारीख, ट्रॅकचं नाव, बाजूला कुणाची तरी आद्याक्षरं. प्लायवूड ओलीने फुगलं होतं, वास मारत होता. सगळं लाकूडकाम उचलून डंपस्टरमध्ये टाकलं. ट्रक येऊन घेऊन गेला.

आता टायटलकडे येतो, कारण या दोन चुकांची किंमत मला तिथे मोजावी लागली.

माझंही टायटल कंपनीच्याच नावावर होतं. मागच्या बाजूला कंपनीतर्फे कुणाची तरी सही, हुद्दा नाही, नाव वाचता येत नाही, आणि घेणाऱ्याचा रकाना कोरा. मधल्या दोन मालकांनी गाडी आपल्या नावावर करून घेतलीच नव्हती, तेच कागद पुढे सरकवले होते. राज्याच्या वाहन नोंदणीच्या ऑफिसात गेलो. पहिल्या खेपेला काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, ही सही कुणाची आणि त्याला कंपनीची गाडी विकायचा अधिकार होता याचा पुरावा काय? प्रश्न रास्त होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या काउंटरवर सांगितलं, कंपनीच्या लेटरहेडवर पत्र आणा. कंपनी बंद होऊन तीस वर्षं झालीत म्हटल्यावर, "मग जो चालवतो त्याच्याकडून आणा." तिसऱ्या खेपेला म्हणाले, बाँड (हमीची रक्कम) भरून टायटल मिळतं, त्याचा अर्ज करा. अर्ज केला, सहा आठवड्यांनी परत आला: टायटल अस्तित्वात आहे, सबब बाँडची तरतूद लागू नाही. तो परत आलेला अर्ज घेऊन चौथ्या खेपेला गेलो तर तिथला माणूस म्हणाला, बाँडचा अर्ज का नाही करत? मी तोच अर्ज त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो वाचलाही नाही. दर वेळी अर्धा दिवस रजा, दर वेळी नवा माणूस, आणि आधीच्या माणसाने काय सांगितलं याची कुठेही नोंद नाही. कुणी उद्धट नव्हतं. पण हे कागद एका खऱ्या माणसाचे आहेत आणि तो खोटं बोलत नाहीये, एवढं धरून चालायची कुणाची तयारी नव्हती. त्याचा राग अजून गेलेला नाही. गाडी त्या दोन उन्हाळ्यांत भाड्याच्या जागेत झाकून पडून राहिली.

सही करणारा माणूस शोधणं एवढाच मार्ग उरला. आणि शोधायचं कशावरून? गाडीच्या अंगावर टीमचं नाव होतं, बहुधा गावही. कपाटाच्या दारावर तारखा होत्या, माणसांची नावं होती. ते सगळं मी स्वतःच्या हाताने नाहीसं केलं होतं.

वाचवलं एका फोटोने. गाडी आणली त्या दिवशी बायकोने आमच्या मुलीचा आत बसलेला फोटो काढला होता. तिच्या खांद्यामागे ते दार अर्धं उघडं दिसत होतं. मोठा करून बघितला तर दोन ओळी वाचता आल्या: 'मिड-ओहायो' (हा ओहायोतला रेसिंग ट्रॅक), एक तारीख, आणि पुढे 'एस.व्ही.' एवढंच. एस.व्ही. म्हणजे सुपर व्ही, फोक्सवॅगनच्या इंजिनावर धावणाऱ्या छोट्या फॉर्म्युला गाड्यांची शर्यत. तेवढ्यावरून न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला जे मोटर रेसिंगचं संशोधन केंद्र आणि संग्रह आहे, तिथे लिहून विचारलं. जुने कार्यक्रम, एंट्री-लिस्टा, फोटो यांचा तिथे मोठा साठा आहे आणि माणसं मनापासून मदत करतात. त्या तारखेच्या एंट्री-लिस्टमध्ये माझ्या टायटलवरची कंपनी एंट्रंट, म्हणजे शर्यतीत गाडी उतरवणारी, म्हणून सापडली, शेजारी गावाचं नाव. मग राज्याच्या कंपनी नोंदणीच्या जुन्या फायलींतून वार्षिक अहवाल मागवला, त्यात संचालकांची नावं असतात. अध्यक्षांची सही आणि टायटलवरची सही एकच निघाली. ते गृहस्थ वारले होते. त्यांच्या मुलीने नोटरीपुढे पत्र करून दिलं. नाव इथे लिहीत नाही. पाचव्या खेपेला काम झालं. सगळं मिळून चौदा महिने लागले. दाराचे नीट फोटो असते तर पंधरा दिवसांत झालं असतं असं मला अजून वाटतं.

त्या बाई नंतर गाडी बघायला आल्या. वडिलांनी ती का घेतली ते त्यांनी सांगितलं. मागे प्रोपेलर शाफ्टच नसल्यामुळे या गाडीची फरशी रस्त्यापासून जेमतेम सव्वा फूट, त्यामुळे चाकं, टूलबॉक्स, जॅक आत चढवताना कंबर मोडत नसे. रात्रभर ड्रायव्हिंग, सकाळी सराव, दुपारी शर्यत, आणि दोन शर्यतींच्या मधे त्या मागच्या पलंगावर झोपायच्या. एक रंगीत फोटोही त्यांनी दिला. गाडी पाठमोरी उभी आहे, मागे ट्रेलर. बाजू दिसत नाही. त्यांनाही बाजूवरचा नंबर आठवत नव्हता, तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. बाजूवर हात ठेवून त्या म्हणाल्या, इथे आईचंही नाव होतं, छोट्या अक्षरात.

माझ्या गाडीची ती बाजू अजून प्रायमरमध्येच आहे. त्यावर काय काढायचं ते माहीत नसताना नुसता रंग मारायला मन होत नाही.

तर तुम्ही काय करावं असं मला वाटतं. (मी वकील नाही, रंगतज्ज्ञ नाही, आणि नियम प्रत्येक राज्यात वेगळे. टायटलच्या बाबतीत तुमच्या राज्याचा नियम छापील स्वरूपात वाचा, तोंडी उत्तरावर एकही पैसा खर्च करू नका.)

अंधार पडल्यावर गाडीच्या बाजूला टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि कॅमेरा समोरून. जुन्या अक्षरांची जाडी सावलीत उमटते. दर फुटाला एक फोटो, फोटोत मोजपट्टी हवीच. मग जिथे आकडा दिसतो तिथे टपाल तिकिटाएवढी जागा निवडून १५०० चा बारीक सँडपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल घासा. थरांची वलयं दिसतील, झाडाच्या खोडासारखी. कुठला रंग कुठल्या खोलीवर ते कळलं की अक्षरावर थांबता येतं. सँडरला हात लावू नका. काही पॅनल ॲल्युमिनियमचे आहेत, काही फायबरग्लासचे, आणि दोन्हींवर वरचा रंग सारखा सुटत नाही, म्हणून सगळीकडे एकच पद्धत चालेल असं धरू नका. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. ओलंच घासा, चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. अक्षर उघडं झालं की वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून मार्करने कड गिरवून घ्या. पुढेमागे पुन्हा रंगवायचं झालं तर तोच तुमचा नकाशा.

आतलं लाकूडकाम: गाद्या, कार्पेट, फोम खुशाल फेका, त्यात उंदरांशिवाय काही नसतं. पण प्रत्येक दाराची आतली बाजू, ड्रॉवरचे तळ, सीटखालच्या फळ्या बघितल्याशिवाय एकही तुकडा बाहेर जाऊ देऊ नका. लिहिलेलं असेल तर फळी सडकी असली तरी ठेवा. मागच्या बंपरखाली जादा वेल्डिंगचं हिच (ट्रेलर जोडायचा हूक), बाहेरच्या बाजूला कुणी बसवलेले सॉकेट, छतावर चढायचा घरगुती प्लॅटफॉर्म, असलं काही दिसलं तर 'मूळ फॅक्टरीचं नाही' म्हणून काढू नका. तुमच्या गाडीच्या बाबतीत मूळ तेच आहे. या मुद्द्यावर माझं बऱ्याच जणांशी पटत नाही. फॅक्टरीतून निघाली तशी करायची तर त्यासाठी साध्या कुटुंबाने सांभाळलेल्या शेकडो गाड्या आहेत. रेसिंगमधून आलेल्या किती उरल्यात?

टायटल आजच उलटून बघा. घेणाऱ्याचा रकाना कोरा आहे का, सहीखाली हुद्दा आहे का, समोरच्या बाजूला एखाद्या बँकेचं कर्ज नोंदलेलं आहे का. विकणारा फोन उचलतो आहे तोवर मधल्या प्रत्येक मालकाचं नाव-पत्ता त्याच्याकडून लिहून घ्या आणि खरेदीखतावर सही घ्या. 'काही अडचण येत नाही' असं मलाही सांगितलं होतं. सहा महिन्यांनी तो नंबर बंद होता. ऑफिसात गेलात की प्रत्येक खेपेला तारीख, वेळ आणि काउंटरवर काय सांगितलं ते त्यांच्यासमोरच लिहा. निदान पाचव्या माणसाला दाखवता येतं.

विषय नाही तरी एक सांगून ठेवतो, कारण तुम्ही गाडी शेडमधून स्वतः चालवत आणली म्हणताय. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदला, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला ते जुने रबर टिकत नाही आणि या गाड्या जळतात त्या बऱ्याचदा त्यामुळेच. आणि मागे नुसत्या एअरबॅगच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. फ्रेमला स्टँड लावल्याशिवाय अजिबात नाही.

पेंटरला आज फोन करा. रात्री टॉर्चचे फोटो काढून इथेच टाका, आकडा वाचता आला नाही तरी टाका. प्लॅस्टिकचा रोल माझ्याकडे अर्धा शिल्लक आहे. तुमचं गाव कोलंबसच्या पश्चिमेला असेल तर शनिवारी सकाळी तो घेऊन मी येऊ शकतो, गिरवायला दोन माणसं लागतातच.