बाइकचा शॉक घ्यायच्या आधी वजन सांग

अरे, बाइकला मागे नवा शॉक (धक्के झेलणारा स्प्रिंगचा दांडा) घेतोयस, तर आधी सॅग मोज, म्हणजे तू बसल्यावर गाडी मागे किती दबते ते. मागचं चाक अधांतरी ठेवून अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेप लाव, मग जॅकेट-हेल्मेटसकट बसून परत लाव. रॉयल एनफिल्ड हिमालयन 411 ला मागे 180 मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक एकूण तेवढं वर-खाली होतं, तेव्हा दोन मापांतला फरक साधारण 55-60 हवा. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आवळून स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. हे मला उशिरा कळलं. बाजूला सोनेरी डबा असलेला महागडा शॉक आणला, स्प्रिंग मात्र सडपातळ माणसाच्या वजनाची. मी 92 किलोचा, वर मागे बायको! ताम्हिणीत खड्ड्याखड्ड्याला धाडकन टेकायचा. तेव्हा दुकानदाराला वजन खरं सांग, डबलसीट किती फिरतोस तेही. लांबी मूळ शॉकइतकीच घे. आणि आतलं तेल अडवणारं सील गेल्यावर रिबिल्ड (शॉक उघडून दुरुस्ती) कोण करून देणार, ते पैसे मोजण्याआधीच विचारून ठेव.