वाचकांचे प्रश्न : आकृत्या आधी की प्रोग्राम आधी?

प्रश्न : मी पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड ॲनालिसिस अँड डिझाइन या विषयाच्या प्रकल्पासाठी आमच्या गटाने ग्रंथालय व्यवस्थापनाची प्रणाली निवडली. आम्ही आधी जावामध्ये प्रोग्राम लिहिला आणि सबमिशनच्या तोंडावर त्यावरून यूएमएलच्या (युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांनी दाखवण्याची चिन्हभाषा) सगळ्या आकृत्या काढल्या. मग या विषयाचा उपयोग काय? कंपन्यांत यूएमएल कोणी वापरत नाही, असेही सीनियर सांगतात.

उत्तर : तुमच्या क्रमाने गेल्यास आकृत्यांचा उपयोग खरोखरच फारसा नाही, कारण जे निर्णय घेण्यासाठी त्या काढायच्या, ते सगळे निर्णय तोवर प्रोग्राममध्ये होऊन गेलेले असतात. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन या सॉफ्टवेअर तज्ज्ञांच्या वेगवेगळ्या पद्धती एकत्र करून तयार झालेली यूएमएल १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाण म्हणून स्वीकारली. परंतु तिने ठरवून दिली ती केवळ चिन्हे आणि त्यांचे अर्थ. विचार कोणत्या क्रमाने करावा, हे ती सांगत नाही. अभ्यासक्रमात बहुतेक वेळ चिन्हांवर जातो आणि विश्लेषण मागे पडते, हे माझ्या मते या विषयाच्या अध्यापनातले मोठे वैगुण्य आहे.

ग्रंथालय हा प्रकल्पांसाठी घासून गुळगुळीत झालेला विषय असला, तरी त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. बहुतेक गट ‘पुस्तक’ नावाचा एकच क्लास (एका प्रकारच्या वस्तूंची माहिती आणि कामे एकत्र बांधणारा प्रोग्राममधला साचा) करतात आणि शीर्षक, लेखक, दाखल क्रमांक व पुस्तक कोणाकडे आहे ही माहिती, असे सर्व काही त्यात भरतात. आता तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना विचारा, की एकाच ग्रंथाच्या पाच प्रती असतील तर काय करता? दाखल क्रमांक प्रत्येक प्रतीला स्वतंत्र असतो, लेखक मात्र पाचही प्रतींचा एकच. विद्यार्थी मागणी नोंदवतो ती ग्रंथासाठी, कारण कोणतीही प्रत मिळाली तरी त्याचे काम भागते, पण घरी नेतो ती एक विशिष्ट प्रत. म्हणजे येथे ‘ग्रंथ’ आणि ‘प्रत’ असे दोन क्लास हवेत. एका वेळी एक प्रत एकाच सदस्याकडे असते, परंतु वर्षभरात ती अनेकांकडे जाऊन येते. ती नोंद जपायची असेल तर ‘देवघेव’ हाही स्वतंत्र क्लास होतो. हे शोधणे म्हणजे विश्लेषण, आणि ते संगणकासमोर बसून होत नाही.

डिझाइनचा प्रश्न त्यापुढचा आहे : कोणते काम कोणाकडे द्यायचे? दंडाचेच पाहा. परतीची तारीख ‘देवघेव’ला माहीत असते आणि दंडाचा दर सदस्यत्वाच्या प्रकारावर ठरतो, मग दंडाची आकडेमोड पडद्यावरच्या बटनाच्या कोडमध्ये असण्याचे कारण नाही. दिवाळीच्या सुट्टीतले दिवस दंडातून वगळायचे असे उद्या ठरले, तर किती ठिकाणी बदल करावा लागेल, ते मोजून पाहा. ज्या निर्णयात बदल संभवतो तो एकाच ठिकाणी झाकून ठेवावा, हे तत्त्व संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्येच मांडले होते.

इनहेरिटन्सच्या, म्हणजे एका क्लासचे गुण घेऊन दुसरा क्लास काढण्याच्या, बाबतीतही घाई नको. ‘सदस्य’पासून ‘विद्यार्थी’ आणि ‘शिक्षक’ हे दोन क्लास काढणे सोपे वाटते, पण पदव्युत्तर विद्यार्थी त्याच महाविद्यालयात शिकवू लागला, तर जावामध्ये तयार झालेल्या ऑब्जेक्टचा (क्लासच्या साच्यातून घडलेल्या प्रत्यक्ष नगाचा) क्लास बदलता येत नाही. त्याऐवजी सदस्याने ‘सदस्यत्व प्रकार’ हा वेगळा ऑब्जेक्ट जवळ बाळगावा. प्रकार बदलला तरी त्याच्या जुन्या नोंदी शाबूत राहतात.

या विचारासाठी १९८९ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी मांडलेली सीआरसी (क्लास, रिस्पॉन्सिबिलिटी, कोलॅबरेटर) कार्डे वापरून पाहा. प्रत्येक कार्डावर क्लासचे नाव, त्याची कामे आणि ज्यांची मदत लागते ते क्लास लिहायचे, गटातल्या प्रत्येकाने काही कार्डे घ्यायची आणि ‘पुस्तक परत आले’ यासारखा एक प्रसंग करून दाखवायचा. सगळे बोलणे एकाच कार्डाला करावे लागले, तर कामांची वाटणी चुकली आहे. ती सुधारल्यावर त्या प्रसंगाची सिक्वेन्स डायग्राम (कोणता ऑब्जेक्ट कोणाला कोणत्या क्रमाने काम सांगतो, याची आकृती) काढा, तेवढाच भाग प्रोग्राममध्ये उतरवा, आणि मगच पुढचा प्रसंग घ्या.

सीनियरांचे म्हणणे अर्धे खरे आहे. यूएमएल २.५ मधले आकृत्यांचे चौदाही प्रकार कोणी काढत बसत नाही. फळ्यावर क्लासची चौकट आणि सिक्वेन्स डायग्राम मात्र आजही काढली जाते, आणि मुलाखतीतल्या डिझाइनच्या फेरीत तेच विचारले जाते. परीक्षेसाठी क्लासच्या आकृतीतल्या भरीव आणि पोकळ हिऱ्याच्या आकाराच्या चिन्हांतला (कंपोझिशन आणि ॲग्रिगेशन, म्हणजे भाग पूर्णाशी घट्ट की सैल बांधलेला आहे, यातला) फरक पाठ असलेला बरा.

प्रश्न : १९९४ मध्ये चार लेखकांनी मांडलेले २३ डिझाइन पॅटर्न (रचनेत वारंवार येणाऱ्या अडचणींवरचे ठरीव तोडगे) सगळे शिकावेत का?

उत्तर : ओळख सगळ्यांची असावी, वापर मात्र अडचण समोर आल्यावरच करावा. वरच्या उदाहरणात दंडाचे नियम दोन-तीन प्रकारचे झाले, की प्रत्येक नियम वेगळ्या क्लासमध्ये ठेवून हवा तो लावू देणारा स्ट्रॅटेजी पॅटर्न उपयोगी पडतो, आणि मागणी नोंदवलेल्या सदस्याला प्रत परत आल्याचे कळवायचे असेल तर ऑब्झर्व्हर. केवळ तोंडी परीक्षेत सांगता यावा म्हणून सिंगलटन (क्लासचा एकच ऑब्जेक्ट होऊ देणारा पॅटर्न) घुसवलेले प्रकल्प फार दिसतात. परीक्षकाने ‘येथे तो का?’ असे विचारले, की उत्तर येत नाही.