मुंग्या गेल्या, चौकोन आले : डिजिटल टीव्हीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अ‍ॅनालॉगच्या काळात हवा बिघडली की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण कार्यक्रम बघता तरी यायचा. आता एक तर चित्र लख्ख, नाही तर चौकोन होऊन सगळं ठप्प. मग सुधारणा ती कोणती?

उत्तर : तक्रार रास्त आहे. अ‍ॅनालॉगमध्ये लहरीची उंची हाच पडद्यावरचा उजेड-अंधार असायचा, त्यामुळे वाटेत मिसळलेला गोंधळ मुंग्या होऊन थेट चित्रात उतरायचा. सिग्नल क्षीण होईल तशा मुंग्या वाढायच्या. आवाज मात्र एफएमवर असल्याने बराच वेळ तग धरायचा. डिजिटलमध्ये चित्राचे आकडे करून पाठवतात आणि सोबत चुका दुरुस्त करायला जादा आकडेही देतात. चुका आवाक्यात आहेत तोवर टीव्ही त्या गुपचूप निस्तरतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. त्या थोड्याशा वाढल्या की दुरुस्तीच कोसळते. मधे उतार नाही, सरळ कडा आहे.

यातली खरी गोम अशी की बिघाड महिनोन्‌महिने लपून राहतो. चित्र उत्तम दिसतंय म्हणजे सिग्नलही उत्तम, असं धरून चालू नका. कदाचित तुम्ही कड्याच्या टोकावर उभे असाल. बहुतेक टीव्हींच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बघायची ती दुसरी. पहिली भरलेली आणि दुसरी खाली-वर नाचणारी असेल, तर सिग्नल पोचतोय पण नासून पोचतोय. अशा वेळी नवा टीव्ही घ्यायला धावू नका. आधी अँटेनाच्या जोडाची डबी उघडून बघा, किंवा जाणकाराकडून बघून घ्या. केबलची तांब्याची जाळी हिरवट-काळी पडली असेल तर आत पाणी शिरलंय. टोकाचा तेवढाच तुकडा कापून सहसा भागत नाही, कारण पाणी जाळीतून खाली झिरपत जातं. केबलच बदला. जुन्या टीव्हीवर हीच केबल थोड्या मुंग्यांनिशी चालून गेली असती, म्हणून लोकांना वाटतं की डिजिटल आलं आणि घरचा टीव्ही बिघडला.

प्रश्न : डिजिटल अँटेना घ्यावाच लागतो का? आणि सिग्नल वाढवणारा बूस्टर?

उत्तर : अँटेना लहर पकडतो, तिच्यात चित्र आहे की आकडे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खोक्यावर ‘डिजिटल’ छापायला काही लागत नाही. बघायचं ते एवढंच, की तुमच्याकडचं प्रसारण कोणत्या पट्ट्यात, म्हणजे किती लांबीच्या लहरींवर आहे. अ‍ॅनालॉग व्हीएचएफवर (लांब लहरींवर) होतं आणि डिजिटल यूएचएफवर (आखूड लहरींवर) आलं असेल, तर लांब दांड्यांचा जुना अँटेना कुचकामी ठरतो.

बूस्टरबद्दल मात्र हात आखडता घ्या. तो सिग्नलबरोबर गोंधळही वाढवतो आणि वर स्वतःची थोडी भर घालतो. म्हणून लावायचाच तर तो टीव्हीमागे नव्हे, अँटेनाजवळ, केबलमधून येताना सिग्नल क्षीण होण्याआधी. प्रसारणाचा मनोरा जवळ असेल तर लावूच नका. सिग्नल अती झाला तरी चित्र फुटतं, आणि लोक बूस्टर काढण्याऐवजी आणखी मोठा आणतात.

प्रश्न : तासाचे ठोके रेडिओवर आधी पडतात, टीव्हीवर मागून. असं का?

उत्तर : हलतं चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं, त्यांना चौकटी म्हणतात. डिजिटल चित्र जसंच्या तसं पाठवत नाहीत, मधल्या चौकटींसाठी फक्त आधीच्या-नंतरच्या चौकटींपेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतात. म्हणजे नंतरची चौकट हाती आल्याखेरीज मधली उलगडत नाही. प्रसारकाच्या यंत्रात थांबा, तुमच्या टीव्हीत थांबा, असं करत काही सेकंद सहज जातात, आणि हा उशीर घरोघरी वेगळा. चॅनल बदलल्यावर क्षणभर काळा पडदा दिसतो तोही यामुळेच: पुढची पूर्ण चौकट येईपर्यंत टीव्ही वाट बघतो. टीव्हीवर घड्याळ लावायची सवय सोडा.

प्रश्न : जुना, जाडजूड टीव्ही भंगारात काढू का?

उत्तर : चालू असेल तर गरज नाही. सेट-टॉप बॉक्स जोडा, मात्र त्याला पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचा आउटपुट आहे ना, हे बघून घ्या. नुसत्या एचडीएमआयचा बॉक्स उपयोगाचा नाही. माणसं उंच-बारीक दिसू लागली तर बॉक्सच्या मेनूत पडद्याचा आकार 4:3 करा. काढून टाकायचाच झाला तर ई-कचऱ्यात द्या. त्या काचेत शिसं असतं, ती फोडू नका.

प्रश्न : चांगलं चाललेलं अ‍ॅनालॉग सरकारांनी बंदच का केलं?

उत्तर : जागेसाठी. अ‍ॅनालॉगमध्ये 8 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात (अमेरिका आणि जपानमध्ये 6) एकच कार्यक्रम मावायचा. त्याच पट्ट्यात डिजिटलचे साध्या दर्जाचे (एचडी नसलेले) पाच-सहा सहज बसतात. मोकळी झालेली जागा मोबाइल कंपन्यांना हवी होती आणि लिलावाचा पैसा सरकारांना. बर्लिनने 2003 मध्ये सुरुवात केली. 2006 मध्ये लक्झेंबर्ग हा अ‍ॅनालॉग पूर्ण बंद करणारा पहिला देश ठरला. त्याच वर्षी जिनिव्हात झालेल्या करारात युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या बहुतेक देशांनी 17 जून 2015 ही तारीख मान्य केली. त्यानंतर शेजारच्या देशाचा सिग्नल तुमच्या अ‍ॅनालॉगवर चढला तर तक्रारीची सोय नाही, असा तो मामला होता.

एका दिवसात सगळा देश बदलायचा हट्ट मला पटत नाही. अमेरिकेने 17 फेब्रुवारी 2009 ही तारीख ठरवली, बॉक्ससाठी घरटी 40 डॉलरची दोन कूपनं देऊ केली आणि जानेवारीतच कूपनांचा निधी संपला. शेवटी तारीख 12 जूनवर गेली. ब्रिटनने 2007 मध्ये व्हाइटहेवन या छोट्या गावापासून आरंभ करून भागाभागाने 2012 पर्यंत काम उरकलं. एका भागात कळलेल्या अडचणी पुढच्या भागाला उपयोगी पडतात. जपानने 24 जुलै 2011 ही तारीख पाळली, पण भूकंप-त्सुनामीने झोडपलेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमाला 31 मार्च 2012 पर्यंत सवलत दिली. हे शहाणपणाचं होतं.

प्रश्न : घराजवळ मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि काही चॅनल गेले. योगायोग?

उत्तर : बहुधा नाही. वर म्हटलेली मोकळी झालेली जागा टीव्हीच्या पट्ट्याला अगदी लागून आहे, आणि जवळचा टॉवर तुमच्या बूस्टरला बधिर करतो. चॅनलची जागा बदललेली नाही ना, हे बघायला आधी पुन्हा स्कॅन करा. तरी चॅनल आले नाहीत तर 4जी-5जीचा फिल्टर मिळतो, तो बसवा. मात्र तो अँटेना आणि बूस्टर यांच्या मधे. बूस्टरनंतर लावला तर काहीच फरक पडणार नाही.