सिस्टर काही सांगतच नाहीत

सातवा-आठवा महिना लागला की माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं. "मॅडम, कळा सोसू एक वेळ, पण आत काय चाललंय ते कुणी सांगतच नाही हो." मी साताऱ्यात समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे कोरेगाव, वाई, जावळी अशा सगळीकडच्या बायका येतात. दवाखाना सरकारी असो की खासगी, रड एकच. म्हणून त्यातल्या एकीचं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय. तिला रेखा म्हणू.

रेखाचं पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, शेवटी बाळ व्हॅक्यूम लावून, म्हणजे डोक्याला कप चिकटवून ओढून, काढलेलं. दुसरं सासरी व्हायचं होतं आणि तिनं "सरळ सिझरच करा" असा धोशा लावला होता. घरच्यांना वाटायचं, कळांना घाबरते. तीही तेच म्हणायची. पहिल्या काही भेटींत मी नुसतं ऐकून घेतलं.

"त्या रात्रीतलं आजही काय डोळ्यासमोर येतं?"

"सिस्टर आल्या, आतून तपासलं, हातमोजे काढले आणि गेल्या. एक शब्द नाही. मला वाटलं, बाळाचं काहीतरी झालंय."

"मग विचारलंस?"

"कसं विचारणार? पलीकडची बाई सारखी विचारत होती, तिच्यावर किती ओरडल्या! आणि आईनं बजावलेलं, गप पडून राहायचं, आरडाओरडा करून आमचं नाव घालवू नको."

म्हणजे कळांची भीती दुय्यम होती. 'मी शहाण्यासारखंच वागलं पाहिजे, कुणी मला बोलताच कामा नये' हा हट्ट तिनं मनाशी धरला होता, आणि त्याच हट्टानं तिचं तोंड बांधलं होतं. माणूस प्रसंगानं जितका खचतो त्याहून जास्त अशा हट्टांनी खचतो, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचा वास येतो म्हणा ना.

"समजा, सिस्टर ओरडल्याच. मग काय होईल?"

"वाईट वाटंल."

"वाटेलच. आणखी?"

ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. अशा वेळी समुपदेशकानं बोलायचं नसतं, आणि तेच सगळ्यात अवघड असतं. मग ती एकदम हसली. "आणखी काय, काहीच नाही. ओरडता ओरडता का होईना, सांगतील तरी!"

त्या हसण्यानंतर सिझरचा विषय तिनं स्वतःहून काढला नाही. मला आतून बरं वाटलं, हे कशाला लपवू?

पुढचं काम सोपं होतं. पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड मी तिला तिच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. बाळाच्या हृदयाचे ठोके कमी झाले म्हणून घाईनं व्हॅक्यूम लावला, हे तिला तेव्हा कळलं. दोन मिनिटांची माहिती, पण ती न मिळाल्यानं रेखा इतकी वर्षं 'माझीच ताकद कमी पडली' असं धरून बसली होती. आपल्या कागदात काय लिहिलंय ते प्रत्येकीनं विचारून घ्यावं.

काही गोष्टी आधी ठाऊक असल्या तरी निम्मा जीव भांड्यात पडतो. गर्भपिशवीचं तोंड दहा सेंटीमीटर उघडलं की पूर्ण. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली सांगितलंय की पाच सेंटीमीटरपर्यंतचा टप्पा कुणाचा किती चालेल याचा नेम नसतो, आणि दर तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे असंही नाही. तेव्हा "अजून वेळ आहे" म्हणजे काही बिघडलंय असं नव्हे. कळा जोरात सुरू झाल्या की आतली तपासणी साधारण चार तासांनी, पण बाळाचे ठोके पंधरा ते तीस मिनिटांनी बघायचे असतात. म्हणून प्रश्नही नेमके हवेत. किती उघडलंय? ठोके कसे आहेत? हे इंजेक्शन कशासाठी? आता पुन्हा कधी बघणार? "काय होणार माझं?" याला रात्रपाळीची एकटी सिस्टर काय उत्तर देणार! तिच्याकडे आणखी दोघी-तिघी कळा देत असतात, हेही ध्यानात ठेवावं. मात्र रक्त जायला लागलं, पाणी हिरवट आलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथे भीड नाही. हाक मारायचीच.

आणि सोबत. सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी जवळ एक बाई ठेवायची मुभा केंद्रानं 2016 मध्येच दिली आहे. शक्यतो बाळंतपण अनुभवलेली नातेवाईक, आणि तिनं स्टाफच्या कामात मध्ये यायचं नाही. खासगीत आधी विचारून ठेवा. कळा देणारीला दर वेळी बोलवत नाही, तेव्हा विचारायचं काम सोबतणीचं. रेखाची आई यायला तयार होती, पण तिनं नणंदेला निवडलं. "आई माझ्याआधी रडंल. वन्सं विचारतील." सासूबाई थोड्या फुरंगटल्या, पण ही निवड बाळंतिणीचीच, यावर मी अडून बसले. नवव्या महिन्यात दोघी जाऊन लेबर रूम बघून आल्या, तिथल्या सिस्टरांशी दोन शब्द बोलून आल्या.

बाळ महिन्याचं झाल्यावर रेखाचा फोन आला. मुलगी, नॉर्मल.

"ओरडल्या का सिस्टर?"

"ओरडल्या की एकदा! वन्सं म्हणाल्या, 'बरं ताई, चुकलं, पण ठोके किती तेवढं सांगा.' मग सांगितलं त्यांनी, एकशेचाळीस. नंतर तर आल्या की आपणच सांगायच्या."